किस्सा ख्वानी बाजारातले निःशस्त्र पठाण

मराठीत 'पठाणी व्याज' आणि 'पठाणी वसुली' असे दोन शब्दप्रयोग आहेत. पगाराच्या दिवशी मुंबईच्या गिरण्यांच्या दारात हातात दांडका घेऊन उभा राहणारा सावकार भाषेत असा येऊन बसला आणि मग तिथून हलला नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक वर्गात पठाण आडनावाची दोन-तीन मुलं असतात. हा वाक्प्रचार आला की बाकीची मुलं त्यांच्याकडे बघून हसतात आणि तीही हसतात. पठाण म्हणजे धिप्पाड, तापट, पैशासाठी हाड मोडणारा, सूड न विसरणारा, अशी प्रतिमा त्यांच्याही मनात पक्की आहे.

उर्दूच्या तासाला असाच एक शब्द मला अडवतो, तो म्हणजे 'सब्र'. आपल्या घरांत हा शब्द कधी कधी ऐकू येतो ते आठवून बघा. मय्यतीच्या घरी येतो. नोकरी गेली की येतो. मुलगी सासरचा जाच सांगत माहेरी आली की हमखास येतो: सब्र कर बेटी. म्हणजे थोडक्यात, गप्प बस आणि परत जा. बायकांच्या वाट्याला हा शब्द जरा जास्तच आला आहे. अलीकडे आमची तरुण मुलंही त्याला कंटाळली आहेत. कुठे अन्याय झाला की वडीलधारी मंडळी सब्र सांगतात, आणि पोरांना वाटतं की सब्र म्हणजे भित्र्या माणसाला दिलेलं धार्मिक नाव. नववीतल्या एका मुलाने मला तोंडावर विचारलं होतं, "टीचर, सब्र किया तो इन्साफ कब मिलेगा?" प्रश्न अगदी योग्य होता.

पठाण आणि सब्र हे दोन शब्द एकमेकांच्या शेजारी ठेवता येतील असं कुणाला सहसा वाटत नाही. पण एकदा, पेशावरमध्ये, ते एकत्र आले होते. ती चळवळ खुदाई खिदमतगारांची. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला सविनय कायदेभंगाच्या धड्यात दोन-तीन ओळी मिळतात आणि 'सरहद्द गांधी' हे विशेषण मिळतं. विशेषणाने एक घोळही होतो. वाचणाऱ्याला वाटतं, गांधीजींचा एक पठाण शिष्य होता, त्याने अहिंसा उसनी घेतली आणि आपल्या लोकांना वाटली. प्रत्यक्षात क्रम वेगळा होता आणि माझ्यासारख्या मास्तरणीला तो क्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची सुरुवात शाळेपासून होते.

अब्दुल गफ्फार खान यांचा जन्म १८९० चा, पेशावरजवळच्या उत्मानझई गावचा. वडील बहराम खान गावचे मोठे जमीनदार. मुलगा पेशावरच्या मिशनरी शाळेत शिकला. इंग्रजांच्या नामांकित गाईड्स पलटणीत अधिकारी व्हायची संधी चालून आली, पण एका हिंदी अधिकाऱ्याचा एका गोऱ्याने केलेला अपमान त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि ती नोकरी सोडून दिली. १९१० मध्ये, म्हणजे विशीत, त्यांनी आपल्या गावात शाळा काढली. गांधीजी तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होते.

सरहद्द प्रांतात शाळा काढणं हे त्या काळी सोपं काम नव्हतं. सरकारला शिकलेले पठाण नको होते आणि अनेक मुल्लांनाही नको होते. सरकारी शाळेत गेलेलं पोर दीनातून गेलं, असा प्रचार होई, आणि दुसरी शाळा तर जवळपास नव्हतीच. १९२१ मध्ये गफ्फार खान यांनी काही मित्रांबरोबर 'अंजुमन-ए-इस्लाह-उल-अफाघिना' ही संस्था काढली आणि उत्मानझईत 'आझाद' शाळा सुरू केली. मग गावोगावी शाखा निघू लागल्या. इंग्रज चीफ कमिशनरने बहराम खान यांना बोलावून मुलाला आवरायला सांगितलं. वडिलांनी घरी येऊन मुलापुढे विषय काढला. आपल्या आत्मचरित्रात गफ्फार खान यांनी हा प्रसंग सांगितला आहे. त्यांनी वडिलांना उलट विचारलं, उद्या लोक तुम्हाला म्हणाले की नमाज सोडा, तर सोडाल का? वडील म्हणाले, कधीच नाही. मग लोकांना शिकवणं हेसुद्धा माझ्यासाठी तसंच फर्ज आहे, असं मुलाचं उत्तर. वडिलांनी पुढे कधी अडवलं नाही. त्या वर्षाच्या डिसेंबरात सरकारने त्यांना तीन वर्षं सक्तमजुरीसाठी तुरुंगात टाकलं. बीएडला आम्हाला शिक्षणाचे तत्त्वज्ञ बरेच शिकवले, त्यांत शाळा काढली म्हणून तीन वर्षं बेड्या घालून घेणारा एकही नव्हता.

लोक कशाविरुद्ध उभे राहिले हे समजायला तिथला कायदा माहीत हवा. १९०१ चा 'फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन' हा कायदा सरहद्दीवर लागू होता. त्यात एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या कुटुंबाला, गावाला, टोळीला शिक्षा करता येई. सरकारने नेमलेली जिरगा निकाल देई, वकील नाही, अपील जवळजवळ नाही. १९१९ मध्ये हिंदुस्थानच्या इतर प्रांतांना ज्या थोड्याफार राजकीय सुधारणा मिळाल्या, त्यांतून सरहद्द प्रांत वगळला गेला. दुसऱ्या बाजूने पठाणांचे आपसातले वैर. 'बदल' म्हणजे सूड, हा पख्तूनवलीचा नियम. आजोबांच्या खुनाचा हिशोब नातू चुकता करायचा. सरकारला हे सोयीचंच होतं. गफ्फार खान यांचं म्हणणं असं की जोवर आपण एकमेकांना मारतो आहोत तोवर इन्साफ मागायला आपल्याकडे तोंडच नाही.

१९२८ मध्ये त्यांनी 'पख्तून' नावाचं पश्तो मासिक काढलं. त्यात बायकाही लिहीत. पठाण पुरुष इंग्रजांकडून स्वातंत्र्य मागतो, पण घरातल्या बाईला देत नाही, अशा आशयाचं रोखठोक लिखाण त्यात छापून आलं. १९२९ च्या नोव्हेंबरात 'खुदाई खिदमतगार' ही संघटना उभी राहिली. नावातच सगळं सांगितलेलं आहे: खुदाचे सेवक. शपथेचा आशय असा होता की खुदाला स्वतःला कुणाच्या सेवेची गरज नाही, त्याच्या बंद्यांची सेवा हीच त्याची सेवा. मी हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, माझ्यावर जुल्म करणाऱ्याला माफ करीन, भांडण-वैर सोडीन, साधं राहीन आणि रोज निदान दोन तास लोकांच्या कामासाठी देईन.

या दोन तासांविषयी मला थोडं बोलायचं आहे. आंदोलनांच्या इतिहासात आपण गोळीबाराची तारीख पाठ करतो आणि हे दोन तास विसरतो. खिदमतगार गाव झाडत, सूत कातत, भांडणं मिटवत, लग्नातला खर्च कमी करायला लावत. खानाच्या घरचा मुलगा आणि त्याच्याच शेतातला कूळ एका रांगेत उभे राहून झाडू मारत. कवायत होती, हुद्दे होते, ढोल होता, अगदी 'जरनैल'सुद्धा होते, फक्त शस्त्र नव्हतं. लाठीही नाही. पांढरे कपडे लवकर मळत म्हणून ते विटकरी रंगात बुडवून घेतले जाऊ लागले आणि तोच गणवेश झाला. लोक त्यांना 'सुर्खपोश' म्हणू लागले. इंग्रजांनी 'रेड शर्ट्स' हे नाव उचललं, कारण लाल म्हटलं की रशियाचे हस्तक असा बोभाटा करायला ते बरं पडत होतं. बिचाऱ्या विटकरी रंगाचं राजकारण असं झालं! संघटनेत हिंदू आणि शीखही होते, पण बहुसंख्य अर्थातच मुसलमान शेतकरी, कुळं आणि लहान जमीनवाले.

एप्रिल १९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता. पेशावरच्या काँग्रेसने २३ एप्रिलला दारूच्या दुकानांवर निदर्शनं करायचं ठरवलं होतं. त्या दिवशी पहाटेच पुढाऱ्यांना धरलं गेलं. गफ्फार खान उत्मानझईहून पेशावरला निघाले होते, त्यांनाही वाटेत अटक झाली. पेशावरातले दोन पुढारी सकाळी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांना नेणाऱ्या लॉरीचं टायर फुटलं. ते म्हणाले, आम्ही पायी येतो ठाण्यावर. आणि खरंच ते पायी निघाले, मागे लोकांचा लोंढा, गळ्यात हार, घोषणा, आणि सगळे काबुली दरवाजाच्या ठाण्यापर्यंत पोचले. अटक व्हायला चालत जाणारे पुढारी आणि त्यांना पोचवायला आलेली जनता, असं ते दृश्य.

पुढचं मी जसं घडलं तसंच सांगते, कारण अशा गोष्टी सांगताना आपली बाजू धुतल्या तांदळासारखी करायचा मोह होतो. गर्दी शहरातली होती. त्यात शपथ घेतलेले खिदमतगार थोडे आणि दुकानदार, कारागीर, विद्यार्थी, बघे जास्त. चिलखती मोटारी वेगाने गर्दीत घुसल्या आणि त्यांच्याखाली माणसं चिरडली. त्यानंतर दगड पडले, एक चिलखती मोटार पेटली, फौजेचा एक मोटरसायकलस्वार मारला गेला. मग गोळीबार सुरू झाला. लोकांनी सांगितलं की आमचे मुडदे आणि जखमी उचलू द्या, फौज मागे घ्या, आम्ही जातो. फौज मागे गेली नाही. यानंतर जे घडलं त्यासाठी किस्सा ख्वानी बाजार लक्षात राहिला. काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे आलेल्या साक्षींत पुन्हा पुन्हा हेच येतं की पुढची रांग पडली की मागची माणसं पुढे येऊन उभी राहत होती. पळायला गल्ल्या होत्या. हा प्रांत असा की घराघरात बंदूक होती. दुपार उलटली तरी गोळीबार थांबून थांबून चालू होता आणि त्या बंदुका कुणी घरातून आणल्या नाहीत.

मेलेल्यांचा सरकारी आकडा वीस-तीसच्या घरात राहिला. लोकांच्या सांगण्यात तो दोनशेच्या पुढे जातो. काँग्रेसने विठ्ठलभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिला सरहद्द प्रांतात पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून रावळपिंडीत बसून तिने साक्षी नोंदवल्या, आणि अहवाल निघाला तो सरकारने जप्त केला. किस्सा ख्वानी म्हणजे किस्से सांगणाऱ्यांचा बाजार. काफिल्यांतले प्रवासी तिथे चहा पीत देशोदेशीच्या गोष्टी सांगत बसायचे.

याच प्रसंगातलं दुसरं नाव चंद्रसिंह गढवाली. पेशावरच्या मुसलमान गर्दीसमोर हिंदू गढवाली पलटण उभी करायची, हा हिशोब सरळ होता. हिंदू शिपाई मुसलमानांवर गोळी झाडायला कचरणार नाहीत असं साहेबांनी गृहीत धरलं. पण रॉयल गढवाल रायफल्सच्या दोन तुकड्यांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला नकार दिला. हवालदार मेजर चंद्रसिंह त्यांचे म्होरके. सतरा जणांवर कोर्ट मार्शल झालं. चंद्रसिंह यांना जन्मठेप झाली, बाकीच्यांना वर्षानुवर्षांची कैद, नोकरी आणि पेन्शन गेली ती वेगळीच. चंद्रसिंह १९४१ मध्ये सुटले. मी हा भाग वर्गात शिकवते तेव्हा मुलांना एवढंच विचारते की त्या दिवशी इन्साफच्या बाजूने कोण उभं होतं? दोन याद्या करा. मुलं याद्या करायला बसतात आणि धर्माप्रमाणे त्या होत नाहीत हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

त्याच महिन्यांत आपल्याकडे सोलापूर पेटलं होतं. गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली गेली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. सोलापूरची कहाणी स्वतंत्र लिहिण्यासारखी आहे आणि तिथल्या घटनांची जातकुळीही वेगळी आहे, पण १९३० च्या त्या उन्हाळ्यात पेशावरपासून सोलापूरपर्यंत साधी माणसं घराबाहेर पडली होती हे नकाशावर बोट ठेवून दाखवावंसं वाटतं.

किस्सा ख्वानीनंतर सरकारला वाटलं होतं की लोक दबतील. झालं उलटं. खुदाई खिदमतगारांत नाव घालायला रांगा लागल्या. चळवळीचे लोक पुढे लाखाचा आकडा सांगत. तो थोडा फुगवलेला धरला तरी वाढ प्रचंड होती. मे महिन्यात टक्करला आणि ऑगस्टमध्ये बन्नूजवळ हाथीखेलला पुन्हा गोळीबार झाले. खिदमतगारांचे कपडे भर चौकात उतरवले जात, थंडीत गोठलेल्या पाण्यात उभं केलं जाई, घरातलं धान्य नासवलं जाई. पठाणाला मारून टाकणं परवडलं, पण त्याची चारचौघांत अब्रू काढणं म्हणजे त्याला बंदुकीपर्यंत ढकलत नेणं, हे इंग्रज अधिकारी जाणून होते. सशस्त्र पठाणाशी लढायची सवय त्यांना शंभर वर्षांची होती. उत्तर न देणारा, पण जागचा न हलणारा पठाण त्यांच्या कुठल्याच नियमावलीत बसेना. १९३२ मध्ये सरहद्द प्रांताला इतर प्रांतांसारखा गव्हर्नरचा प्रांत म्हणून दर्जा मिळाला. जे अर्ज-विनंत्यांनी मिळालं नव्हतं ते मिळालं, पण चळवळीचे पुढारी तेव्हाही तुरुंगातच होते.

आता मुद्दा श्रद्धेचा. हे सगळं त्या माणसांनी कशाच्या बळावर केलं? मानववंशशास्त्रज्ञ मुकुलिका बॅनर्जी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरहद्द प्रांतात जाऊन हयात असलेल्या सत्तरच्या आसपास खिदमतगारांना गाठलं, त्यांच्याशी बोलल्या आणि 'द पठाण अनआर्म्ड' हे पुस्तक लिहिलं. शेतकरी माणसं, बहुतेक फार म्हातारी झालेली. आपण काय केलं हे सांगताना या लोकांच्या तोंडी खुदा येतो, शपथ येते, बादशाह खान येतात आणि पठाणाची इज्जत येते. बंदूक उचलण्यापेक्षा उचललेला हात खाली ठेवायला जास्त छाती लागते, असं त्यांनी आपल्या पख्तूनवलीलाच पटवून दिलं होतं. सहनशक्ती हीच मर्दानगी ठरली.

बादशाह खान स्वतः म्हणत की अहिंसा मुसलमानाला नवी नाही, पैगंबरांनी मक्केत तेच हत्यार वापरलं आणि त्याचं नाव सब्र. मक्केची तेरा वर्षं आठवा. तापलेल्या वाळूवर दगडाखाली दाबलेले हजरत बिलाल, जीव गमावलेल्या हजरत सुमय्या, सगळ्या कबिल्यावर टाकलेला बहिष्कार, आणि खोऱ्यात उपासमारीत काढलेली तीन वर्षं. या काळात तलवार उचलली गेली नाही, पण कुणी गप्पही बसलं नाही. उलट गप्प बसायला तयार नव्हते म्हणूनच तर छळ होत होता. बिलाल गप्प राहिले असते तर छातीवरचा दगड तेव्हाच उतरला असता. इस्लाममध्ये युद्धाला कधीच परवानगी नव्हती असं मी म्हणणार नाही. बद्र आणि उहुद कुणाला ठाऊक नाहीत? पण मक्केची तेरा वर्षं ही केवळ मदिनेची वाट पाहण्याची वर्षं होती असं समजणं हा त्या वर्षांवर अन्याय आहे. आणि सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष देताना ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध गेली तरी द्या असा हुकूम आहे. आपले वाज करणारे मौलवी सब्राची आयत जितक्या वेळा सांगतात, तितक्या वेळा ही का सांगत नाहीत, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

मुंबई आणि वर्धा या दोन ठिकाणांशी बादशाह खान यांचं नातं फारसं बोललं जात नाही. १९३४ च्या ऑगस्टमध्ये ते हजारीबागच्या तुरुंगातून सुटले, पण त्यांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात यायला बंदी होती. मग ते वर्ध्याला जमनालाल बजाज यांच्याकडे राहिले. त्यांची मुलगी मेहरताज वर्ध्याच्या महिला आश्रमात शिकायला राहिली. ऑक्टोबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन झालं. त्याचं अध्यक्षपद त्यांना देऊ केलं होतं, पण मी खिदमतगार आहे म्हणून त्यांनी ते नाकारलं. त्याच मुक्कामात नागपाड्याला ख्रिस्ती मंडळींच्या सभेत ते बोलले. सरहद्दीवर काय चाललं आहे ते त्यांनी तिथे सांगितलं आणि त्या भाषणाबद्दल राजद्रोहाचा खटला झाला. डिसेंबरात वर्ध्यात अटक झाली आणि मुंबईच्या न्यायालयाने दोन वर्षं सक्तमजुरी सुनावली. नागपाड्याच्या चौकातून रोज जाणाऱ्या किती लोकांना हे माहीत असेल?

गांधीजी १९३८ मध्ये सरहद्द प्रांतात गेले तेव्हा ते नुसते भारावून परतले नाहीत. खिदमतगारांच्या अधिकाऱ्यांना त्यांनी खोदून खोदून विचारलं की ही अहिंसा भीतीपोटी आहे की हातात ताकद असताना आहे. १९४० मध्ये काँग्रेसने अटी घालून युद्धात मदत द्यायची तयारी दाखवली तेव्हा बादशाह खान काँग्रेस कार्यकारिणीतून बाहेर पडले. उसन्या घेतलेल्या तत्त्वासाठी माणूस आपला पक्ष सोडत नाही.

१९४६ च्या निवडणुकीत मुस्लिम लीगची लाट देशभर असताना ९० टक्क्यांहून जास्त मुसलमान असलेल्या या प्रांतात त्यांच्या बाजूने ५० पैकी ३० जागा निवडून आल्या. त्या सुमाराला बिहारात मुसलमानांच्या कत्तली झाल्या, तिथे बादशाह खान गांधीजींबरोबर खेड्यापाड्यांत फिरले. पेशावरात हिंदू-शिखांची घरं धोक्यात आली तेव्हा खिदमतगार पहाऱ्याला उभे राहिले. मग फाळणी आली. जुलै १९४७ च्या सार्वमतात भारत की पाकिस्तान एवढाच प्रश्न होता. पठाणांना स्वतंत्र पर्याय ठेवला नाही म्हणून खिदमतगारांनी बहिष्कार घातला. काँग्रेसने आपल्याला लांडग्यांपुढे टाकलं, ही बादशाह खान यांची तक्रार अखेरपर्यंत राहिली आणि तिला काँग्रेसच्या नेत्यांकडे समाधानकारक उत्तर नव्हतं.

या पुढचा भाग आपल्यापैकी काहींना अवघड जातो, पण तो गाळला तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. इंग्रज गेले, मुसलमानांचं म्हणून राज्य आलं, आणि त्या राज्याने पहिलं वर्ष पुरं होण्याआधी खुदाई खिदमतगारांवर गोळ्या झाडल्या. बादशाह खान यांनी पाकिस्तानच्या निष्ठेची शपथ घेतली होती, तरी जून १९४८ मध्ये त्यांना पुन्हा तुरुंगात टाकलं. १२ ऑगस्ट १९४८ ला चारसद्याजवळ बाबडा इथे त्यांच्या आणि इतरांच्या अटकेचा निषेध करायला लोक जमले. प्रांताचे मुख्यमंत्री अब्दुल कय्यूम खान एके काळी स्वतः काँग्रेसमध्ये होते. त्यांच्या पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा पंधराच्या आसपास सांगितला, खिदमतगार सहाशेच्या वर सांगतात. गावातल्या बायका डोक्यावर कुराण घेऊन गोळ्या थांबवायला बाहेर आल्या, अशी आठवण तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुढच्याच महिन्यात संघटनेवर बंदी आली. इंग्रजांचा तो फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशनही गेला नाही. टोळ्यांच्या भागात तो २०१८ पर्यंत चालू राहिला.

बाबडा आमच्या पुस्तकात नाही, याचं कारण समजू शकते. पण पाकिस्तानातल्या शाळांमध्येही फार काळ ते धड शिकवलं गेलं नाही. किस्सा ख्वानीला गोळ्या झाडणारे इंग्रज होते, त्यामुळे तिथे रडायला सगळे तयार असतात. बाबड्याला झाडणारे आपले म्हणवणारे होते. सूरह निसाची ती आयत नेमकी अशा वेळेसाठी आहे.

बादशाह खान यांनी आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं तुरुंगात काढली. इंग्रजांच्या तुरुंगात जितकी, त्यापेक्षा कमी नाही इतकी पाकिस्तानच्या तुरुंगात. १९६९ च्या ऑक्टोबरात गांधी जन्मशताब्दीसाठी ते भारतात आले. तेव्हा अहमदाबादची दंगल नुकतीच होऊन गेली होती. सत्कारांचे हार गळ्यात पडायच्या आधी त्यांनी तीन दिवसांचा उपवास केला आणि मग गुजरातला जाऊन उद्ध्वस्त मोहल्ल्यांत फिरले. जाईल तिथे त्यांनी यजमानांना बोचेल असंच बोलून घेतलं: तुम्ही गांधींना विसरलात. पाहुण्याने असं बोलायचं नसतं, पण ते ऐंशीच्या जवळ आलेले आणि हातात फक्त कपड्यांचं एक गाठोडं घेऊन आलेले पाहुणे होते. १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न दिलं गेलं.

२० जानेवारी १९८८ ला पेशावरमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन अफगाणिस्तानात जलालाबादला करायचं होतं. अफगाणिस्तानात तेव्हा रशियन फौजा होत्या आणि मुजाहिदीनांशी युद्ध चालू होतं. जनाजा जाऊ देण्यासाठी लढाई थांबवण्यात आली. खैबर खिंडीतून हजारो लोक मोटारींनी, बसनी, पायी जनाज्यामागे निघाले. जलालाबादला दफन चालू असतानाच उभ्या केलेल्या गाड्यांजवळ स्फोट झाले आणि आलेल्यांपैकी काहीजण तिथेच मेले. उरलेल्यांनी मातीचा विधी पुरा केला आणि मग ते आपापल्या गावांकडे, खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे, परत गेले.